घिवलीच्या नावा आणि सुभेदारांचं चौथं कलम

दिवाळीचा फराळ संपून डबे घासायला पडले, त्या आठवड्यात सुभेदार कासमसाहेबांचं कार्ड आलं. अक्षर त्यांच्या गावच्या गुरुजींचं होतं, पण भाषा सुभेदारांचीच. 'हेडबाबूस कासमचा सलाम. माझा डिस्चार्ज जवळ आला आहे, या वेळचा कायमचा. कागद तयार करायला ये. उशीर केलास तर गैरहजर मांडीन.'

सुभेदार आणि मी एकाच पलटणीत अठरा वर्षं काढली. ते कवायतीचे उस्ताद, मी हेडक्लार्क. त्यांनी जन्मभर माणसं ओळीत उभी केली आणि मी जन्मभर त्यांची नावं ओळीत लिहिली. आफ्रिकेच्या वाळवंटात आम्हाला दिवसाला एक बाटली पाणी मिळायचं. पिणं, दाढी, तोंड धुणं, सगळं त्यातच. एकदा बाटली उलटी करून ती जोरजोरात हलवत ते म्हणाले होते, "हेडबाबू, जगलो वाचलो तर जिथून पाणी दिसेल अशा जागी घर बांधीन." जगले, आणि शब्द खरा केला. पेन्शनीत निघाल्यावर तारापूरच्या आपल्या भावकीत न राहता त्यांनी जवळच्याच घिवलीला, मांगेल्यांच्या (मासेमारी करणाऱ्या लोकांच्या) वस्तीला लागून, समुद्राकाठी घर घातलं. गंमत अशी, की या माणसाला बोट भारी लागायची. सरकारने त्यांना चार वेळा समुद्रापार नेलं आणि चारही वेळा ते डेकवर आडवे होते. तेव्हा समुद्र त्यांना फक्त बघण्यापुरता हवा होता.

कार्ड वाचून दाखवलं तेव्हा ही म्हणाली, "जा बाई लवकर." मला 'बाई' म्हणाली म्हणजे तिलाही वाईट वाटलं होतं. पिशवीत भाकरी, शेंगांची चटणी आणि अंगावरच्याशिवाय एक धोतर भरून दिलं. मी तिसरं मागितलं तर म्हणाली, "दोन पुरेत. लग्नाला नाही चाललात." पुढे जो काही घोटाळा झाला त्यातला निम्मा दोष मी या वाक्यावर टाकतो.

साताऱ्याहून पुणं, पुण्याहून मुंबई आणि तिथून गुजरातकडे जाणारी पॅसेंजर, असा प्रवास झाला. वसई ओलांडली की डाव्या हाताला मिठागरं, उजव्या हाताला डोंगर, आणि मधून आपली गाडी रमतगमत चाललेली. कार्डावर पत्ता होता, 'मु. घिवली, ता. पालघर'. त्यामुळे पालघरची पाटी दिसताच मी मोठ्या ऐटीत खाली उतरलो. गाडी गेल्यावर फलाटावर आवळ्यांची टोपली घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "घिवलीला कुठून जायचं?"

तो डोंगराकडच्या मासवणचा होता. त्याने मला आधी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मग खुदुखुदु हसायला लागला.

"तालुका पालघर हाय बाबा, पन टेसन बोईसर. ती गेली ना तुमची गाडी, तिच्यातच बसून ऱ्हायाचं व्हतं."

"मग आता?"

"आता काय? दुसरी येईल. बसा. आवला खा."

अठरा वर्षं पलटणीच्या हालचालींचे हुकूम लिहिणारा मी, आणि स्वतः चुकीच्या स्टेशनावर उतरलो! अडीच तास त्या म्हाताऱ्याशेजारी बसलो. त्याने मला आवळा चावायला लावला, मग स्टेशनच्या नळाचं पाणी प्यायला लावलं आणि "ग्वाड लागला ना?" म्हणून असं विचारलं, की जणू पाणी त्यानेच गोड केलं. पावसाळ्याची भातशेती उरकली होती, आता बायकापोरांसह विटांच्या कामाला जायचं होतं, असं म्हणाला. मी आजारी मित्राकडे चाललोय हे कळल्यावर त्याने मूठभर आवळे धोतराच्या सोग्यात टाकले. घेतले.

बोईसरला उतरलो तर वेगळीच दुनिया. किनाऱ्यावर मोठं वीजघर उभं राहत होतं, त्यामुळे स्टेशनाबाहेर ट्रकच ट्रक आणि चहाच्या टपरीवर मराठीपेक्षा हिंदीच जास्त. तारापूरची मोटार नुकतीच सुटली होती. एक पंजाबी ट्रकवाला इंजिनावर पाणी ओतत होता. त्याने विचारलं, "कहाँ जाना है, बाबूजी?"

"घिवली. एक फौजी दोस्त बीमार है."

"फौजी? तो खड़े क्यों हो? बैठो." त्याचा भाऊ फौजेत होता. पुढे दोन माणसं आधीच बसलेली असल्यामुळे माझी रवानगी मागे सिमेंटच्या पोत्यांवर झाली. रस्ता असा, की दर खड्ड्याला एक पोतं फुसकन श्वास सोडायचं. घिवलीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा मी कमरेपासून खाली पुतळा झालो होतो.

गावात शिरण्याआधी समुद्र दिसला, त्याच्याही आधी वास आला. वलांड्यांवर (मासे वाळवायच्या बांबूच्या मांडवांवर) बोंबील जोडीजोडीने लटकत होते. पण मी थबकलो तो नावा बघून. वाळूवर अकरा नावा ओढून ठेवल्या होत्या आणि अकराही अगदी एका रेषेत, नाकासमोर नाक. कोकणचा किनारा मी थोडाफार पाहिलाय. कोळी आपली नाव जिथे लागेल तिथे लावतो. इथे मात्र कोणीतरी कवायतीत 'दाहिने सज' देऊन ओळ सरळ करून घेतल्यासारख्या त्या उभ्या होत्या. मी ओळखलं, घर जवळ आलं.

जाळं विणत बसलेल्या एका धिप्पाड माणसाने माझ्या नजरेकडे पाहिलं. "सुबेदारांकडं आले काय? ह्यो त्यांचाच उद्योग. रोज संध्याकाली काठी घेऊन यायचे. नाव वाकडी दिसली का आमची हजेरी." हा काशा तांडेल. तांडेल म्हणजे नावेचा प्रमुख, आणि काशाचा शब्द सगळ्याच नावांवर चालायचा. मी विचारलं, "आता तर ते पडून आहेत. मग ओळ कोण लावतं?" तो जाळ्याकडे बघत म्हणाला, "सवय झाली."

सुभेदार खिडकीशी खाटेवर उशांना टेकून बसले होते. पायांवर सूज, श्वास तोकडा, पण मिशी मात्र ड्यूटीवर. मला बघताच म्हणाले, "दोन दिवस लेट. आणि हा काय युनिफॉर्म?" अमीनाभाभी, म्हणजे त्यांची बायको, सिमेंटचा अवतार बघून तोंडाला पदर लावून हसली. मी दुसरं धोतर नेसलो, सिमेंटचं गुंडाळून कोपऱ्यात टाकलं आणि खाटेशेजारी बसलो. त्यांचा हात हातात घेतला तेव्हा मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. "हेडबाबू," ते म्हणाले, "रडण्यासाठी कलम आहे. लिहून घेशील तेव्हा कळेल."

रात्री जेवायला ताज्या बोंबलांचं आंबट कालवण आणि तांदळाची भाकरी होती. घरी ही वाचेल म्हणून जास्त लिहीत नाही. पलटणीत खाल्लेलं पलटणीतच राहतं असा आमचा दोघांत जुना करार आहे. एवढंच सांगतो, की भाकरी चार झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुकूम लिहायचं काम सुरू झालं. सुभेदारांना आपल्या मयतीचा पलटणीच्या पद्धतीने रीतसर आदेश हवा होता. डोक्याला नंबर, खाली कलमं, शेवटी सही. तारापूरच्या डॉक्टरांनी 'आठवडा, फार तर दोन' असं सांगून टाकलं होतं आणि सुभेदारांनी ते एखाद्या बदलीच्या ऑर्डरसारखं घेतलं होतं.

"कलम एक. रडणाऱ्यांनी घराबाहेर रडावं, आवाज बेताचा. कलम दोन. खांदा देणाऱ्यांनी उंचीप्रमाणे जोड्या लावाव्यात. जनाजा तिरका गेलेला मला चालणार नाही. कलम तीन. अमीनाला कोणी जबरदस्तीने तारापूरला नेऊ नये. ती म्हणेल तिथे राहील." इथवर आवाज खणखणीत होता. मग त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "कलम चार. माझ्यासाठी गावच्या नावा थांबणार नाहीत."

मी विचारलं, "म्हणजे?"

त्यांनी सांगितलं ते असं. इथल्या मांगेल्यांत रीत आहे. गावात कोणी गेलं, की त्याची माती होईपर्यंत एकही नाव पाण्यात जात नाही. बाहेर गेलेल्या असल्या तर परत येतात. भरतीची एक फेरी म्हणजे त्यांच्या भाषेत एक 'पाणी', आणि सध्या उधाणाचे दिवस, बोंबलांचा हंगाम. "एक पाणी गेलं तर लोकांचं किती जातं, ठाऊक आहे? माझ्यासारख्या म्हाताऱ्यासाठी कशाला? लिही."

लिहिलं. बाहेर चुलीपाशी भाभीने मला हळूच गाठलं. "बाबूभाई, ते चौथं कलम खरं नाय. त्यांच्या मनात भलतंच हाय. आमी ना त्यांच्या जातीचे, ना धर्माचे. दहा वर्सं ऱ्हायलो, पन हे एकदा नावेत चढले नाय. यांना भ्याव वाटतं, की आपण गेल्यावर नावा खुशाल जातील. मग हुकूमच काढून ठेवला. म्हंजे गेल्या तर हुकमानं गेल्या, असं होईल."

मी माणसांच्या अर्जांत आणि मनांत काय फरक असतो हे जन्मभर बघत आलो, पण हे मला सुचलं नव्हतं. तीस वर्षं ज्याने पलटणीला घर मानलं, त्याला शेवटी कोणाच्या तरी गावचं व्हायचं होतं, आणि ते तोंडाने मागायची सोय नव्हती.

दुपारी काशा तांडेलला बोलावून मी आदेश मोठ्याने वाचून दाखवला. काशा दाराच्या चौकटीला टेकून मान खाली घालून ऐकत होता. चौथं कलम संपलं तसं सुभेदार म्हणाले, "कबूल? मग अंगठा कर." मला वाटलं तांडेल हुज्जत घालेल. निदान 'असं कसं सुबेदार' एवढं तरी म्हणेल. पण त्याने "बरं" म्हणून शाईत अंगठा बुडवला, कागदावर उठवला आणि निघून गेला.

"छान झालं," सुभेदार म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. संध्याकाळी चहा घेतला नाही. रात्री मी वाळवंटातले किस्से काढले, तर नुसते 'हूं' करत राहिले. ज्या किश्श्यावर ते दर वेळी उठून बसत, तो ब्रिगेडियरसाहेबांच्या उंटाचा किस्सासुद्धा फुकट गेला.

मला असा संताप आला, की सकाळी उठून तडक किनाऱ्यावर गेलो. काशा नावेला तेल लावत होता. मी म्हटलं, "तांडेल, एक शब्द तरी बोलायचात. म्हातारा झुरतोय."

त्याने हात थांबवला नाही. "जित्या मानसासमोर त्याच्या मयतीचं बोलनं आमच्यात पाप हाय. तुमी तर कागद वाचला! माझ्या अंगावर काटा आला. हो बोललो नि सुटलो."

"पण मग नावा थांबणार का?"

"ते पन नाय बोलनार."

"अहो, मला सांगा. मी त्यांना सांगतो."

"तुमी शिकले-सवरले ना? मंग कलत कसं नाय? बोललं का होतं ते." बोललं की तसं घडतं, असा त्याचा ठाम समज. मी डोकं आपटलं तरी त्या माणसाने पुढे तोंड उघडलं नसतं. चिडचिडत परत आलो. राग आला की मला काहीतरी धुवायला लागतं, ही सवय छावणीतली. कोपऱ्यातलं सिमेंटचं धोतर घेतलं आणि विहिरीवर चांगलं तासभर आपटलं.

आता ते वाळत कुठे घालायचं? कुंपणावर भाभीच्या कोंबड्या, दोरीवर सोललेले मासे. अंगणात एक उंच वासा होता. सव्वीस जानेवारीला झेंडा चढवायला सुभेदारांनी तो पुरला होता, वर कप्पी आणि दोरीसकट. वाऱ्याला धोतर चटकन वाळेल असा सरळ विचार करून मी ते दोरीला बांधलं आणि झेंडा चढवावा तसं सरसर वर नेलं. साताऱ्याचं नऊवारी पानाचं पांढरंशुभ्र धोतर समुद्राच्या वाऱ्यावर असं काही फडकलं, की मी दोन पावलं मागे जाऊन समाधानाने बघत राहिलो. मग आत येऊन सुभेदारांना चहा दिला. आज निदान त्यांनी पेला तरी हातात घेतला.

पाच-दहा मिनिटांत बाहेर पावलं वाजली, आणि ती वाढतच गेली. मी दारात गेलो तर अंगणात सगळी घिवली. पुरुष कमरेपर्यंत भिजलेले, डोक्यावरचे रुमाल काढून हातात. बायका तोंडाला पदर लावून. सगळ्यांच्या पुढे काशा तांडेल. हा डोंगरासारखा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी चाललं होतं. कोणी काही विचारायच्या आत मागच्या एका म्हातारीने असा हंबरडा फोडला, की कोंबड्या उडाल्या.

आतून आवाज आला, "कोण गेलं रे?"

काशाने दारातून आत डोकं घातलं. सुभेदार खाटेवर बसून चहा पीत होते. तांडेल होता तिथेच उंबऱ्यावर मटकन बसला. "तुमी गेले ना!"

"मी गेलो असतो तर विचारलं असतं का, कोण गेलं म्हणून?"

"मंग वर फडकं कोनी लावलं?"

सगळ्यांच्या माना वर गेल्या, आणि मग हळूहळू माझ्याकडे वळल्या. त्यांच्या रीतीतला दुसरा भाग मला कोणी सांगितलाच नव्हता. मयताच्या घरी उंच वाशावर पांढरं फडकं चढवतात, म्हणजे किनाऱ्यावरच्या आणि समुद्रातल्या नावांना कळतं. भाभी नमाजाला बसलेली, तिला पत्ता नाही. मी अंगणभर लोकांसमोर, जन्मात पहिल्यांदा इतक्या खालच्या आवाजात म्हणालो, "धोतर आहे. माझं. वाळत घातलंय."

हंबरडा फोडणारी म्हातारी सगळ्यांत आधी हसली. मग सगळं अंगण हसलं. एका बाईने विचारलं, "दुसरं नेसलाय ना नीट, का तेपन वर चडवताय?" मी मेल्याहून मेलो. पण सुभेदार हसत नव्हते.

"हेडबाबू, मला दाराशी ने."

मी आणि काशाने त्यांना धरून उंबऱ्याशी आणलं, पाट दिला. तिथून वाडीच्या फटीतून किनारा दिसायचा. पाणी भरलेलं होतं, निघायची ऐन वेळ, आणि नावा वाळूवर. काही निम्म्या पाण्यातून तशाच ओढून आणलेल्या, शिडं अर्धवट गुंडाळलेली, जाळी फेकलेली. ओळ तर कुठल्या कुठे गेली होती. सुभेदारांनी बोटाने एकेक मोजली. मोजून झाल्या तशा पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. तरी उस्ताद तो उस्ताद. आवाज चढवून म्हणाले, "कलम चार! अंगठा कोणाचा आहे? नावा का थांबल्या?"

काशा तांडेल नाक पुसत म्हणाला, "कागद तुमचा. दर्या आमचा. थितं तुमचा हुकूम नाय चालायचा, सुबेदार."

सुभेदार रडले. कलम एक धाब्यावर बसवून, घरात, मोठ्याने. मीही रडलो, भाभीही. मग मला म्हणाले, "खोड ते कलम." मी कागद आणला, चौथ्या कलमावर आडवी रेघ मारली, शेजारी त्यांची सही घेतली. ओहोटी लागली होती. त्या दिवशीचं उधाणाचं पाणी फुकट गेलं. त्याबद्दल मला कोणी चकार शब्दाने बोललं नाही. उलट दुपारी तीन घरांतून कालवण आलं. एका घरून निरोपही आला, की धोतर खाली उतरवलं असेल तर जेवा.

पुढचे दोन दिवस सुभेदार अगदी मजेत होते. उंटाचा किस्सा दोनदा झाला. येईल त्याला माझ्या धोतराची गोष्ट सांगायचे आणि दर खेपेला ते लांबायला लागलं. नऊ वारांवरून बारा, बारावरून पंधरा. "पलटणीत याला झेंड्याची ड्यूटी कधी दिली नाही, ती चूक झाली," असं म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी उन्हं खिडकीत आली तेव्हा ते गेले. भाभीने पाणी पाजलं, त्यांनी अल्लाच्या नावाचा कलमा म्हटला, माझ्याकडे बघून मिशीला हात लावायचा प्रयत्न केला, एवढंच.

नावा भल्या पहाटे निघाल्या होत्या. अकराही बाहेर, लांब ठिपक्यांएवढ्या. भाभीने पेटीतून आपली पांढरी ओढणी काढून दिली. दोरी ओढताना मनात एकच भीती होती. त्यांना पुन्हा माझं धोतरच वाटलं तर? वाटलं तर त्यात त्यांचा दोष नव्हता. बरं, खात्री करायला एखादं होडकं पाठवतील, ते येऊन परत जाईल, तोवर दुपार होईल. तसं झालं असतं तरी चाललं असतं.

होडकं आलं नाही. एक शीड वळलं. मग दुसरं. मग सगळीच. पाण्यात लावलेली जाळी तशीच सोडून अकराच्या अकरा नावा तोंड फिरवून किनाऱ्याकडे निघाल्या. खरं का खोटं, कोणी विचारायला आलं नाही. आधी नावा ओढून वर घेतल्या आणि मग अंगणात आले.

तारापूरहून सुभेदारांची भावकी आणि मौलवीसाहेब आले. गुस्ल (शेवटची आंघोळ) झाली, कफन झालं. शिरगावचा एक जुना हवालदार बातमी कळताच सायकल हाणत आला, कोटावर मेडलं लावूनच. मी आदेश वाचला. कलम दोनला मोठी अडचण आली. उंचीप्रमाणे जोड्या लावायच्या म्हटल्यावर मांगेल्यांत आणि भावकीत कोण कोणापेक्षा बोटभर उंच यावर चांगलीच बाचाबाची झाली. शेवटी हवालदाराने सगळ्यांना पाठीला पाठ लावून उभं केलं. जनाजा निघाला तो काही वाडीतून, काही ओहोटीच्या ओल्या वाळूवरून, तारापूरच्या कबरस्तानापर्यंत. दर शंभर पावलांवर खांदे बदलत होते. कधी पुढे भाऊबंद, मागे मांगेले, कधी उलटं. खाट तिरकी झाली नाही. मी पूर्ण वाटभर बघत होतो.

कबर खोदून तयार होती. नमाज झाली तोवर गाववाले बाजूला हात जोडून उभे राहिले. मयत कबरीत उतरवून वर फळ्या बसल्यावर भावकीने तीन तीन मुठी माती घातली. काशा तांडेलने मौलवीसाहेबांना विचारलं, "आमी पन टाकू काय?"

"टाका की," मौलवीसाहेब म्हणाले. "तुमीच तर आनलं त्यांना."

सगळ्यांनी टाकली. हवालदाराने आणि मी कडक सलाम केला. बंदुकीचे बार नव्हते, बिगूल नव्हता. मला त्याची उणीव भासली नाही.

आणखी दोन दिवस राहिलो. भावकीने भाभीला तारापूरला चल म्हणून आग्रह केला. मी कलम तीन दाखवलं, आणि भाभी म्हणाली, "मी हितंच बरी." काशाच्या बायकोने त्याच संध्याकाळी आपली वाकळ तिच्याकडे आणून टाकली. निघालो तेव्हा काशा मला फाट्यापर्यंत सोडायला आला. काखेत सुक्या बोंबलांचं गाठोडं. हिच्या नाकाला ते चालणार नाही हे त्याला सांगवेना. मोटार यायला वेळ होता. मी म्हटलं, "तांडेल, ऐन हंगामात तुमची दोन पाणी गेली माझ्यापायी. मनाला लागून राहिलंय."

"येक तुमच्यापायी," तो म्हणाला. "दुसरं त्यांच्या हक्काचं व्हतं."

या खेपेला मी बरोबर बोईसरलाच गाडीत चढलो. येताना पालघरच्या फलाटावर मासवणचा म्हातारा दिसतो का म्हणून खिडकीतून पाहिलं, तो नव्हता. गाठोड्याच्या वासामुळे बाकावर ऐसपैस जागा मिळाली. साताऱ्याला पोचल्यावर हिने आधी गाठोडं अंगणात ठेवायला लावलं आणि मग विचारलं, "फार हाल झाले का हो त्यांचे?" मी म्हटलं, नाही. आणि बसून सगळं सांगितलं. ती हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली.

नोकरीत मी मोठमोठ्या साहेबांच्या मयतीचे आदेश लिहिले. तोफा किती, बार किती, कोणाची टोपी कुठल्या हाताला, सगळं. ते सोहळे थाटाचे झाले, पण ज्याच्यासाठी ते झाले त्याला त्यातलं काही दिसलं नाही. म्हणून मला सुभेदारांचा हेवा वाटतो, हे मी उघड सांगतो. आपल्यासाठी थांबलेल्या नावा त्यांनी जिवंतपणी, आपल्याच उंबऱ्यावर बसून, बोटाने एकेक करून मोजल्या. अकरा भरल्या. एकही कमी नव्हती.